मदत हवी आहे: ही लोखंडी सांडशी नेमकी कशासाठी?

मंडळी, शुक्रवारी म्हापशाचा बाजार आटोपून येताना जुन्या वस्तूंच्या एका दुकानात शिरलो. घ्यायची होती समई, घेऊन आलो भलतंच. घरचे अजून बोलत नाहीयेत.

वस्तू लोखंडाची. लांब दांड्यांची सांडशी म्हणा, दोन हात लांब, वजन अडीच-तीन किलो. टोकाला पकडीऐवजी दोन सपाट, जाड तबकड्या, एकमेकींवर घट्ट बसणाऱ्या. दुकानदार म्हणाला, पदेराची, म्हणजे पाव भाजणाऱ्याची असणार. पण हिच्यात पाव काय, पापडसुद्धा जेमतेम मावेल!

घरी आणून खोबरेल लावून पुसली, तेव्हा आतल्या बाजूला कोरीव काम दिसलं. दोन मोठी वर्तुळं, दोन छोटी. मोठ्या वर्तुळात क्रूस आणि रोमन अक्षरं: आय, एच, एस. आय आणि एच सरळ वाटतात, एस मात्र उलटा. म्हणजे हा छापच. हीच अक्षरं जुन्या गोव्यात बॉम जेझू बासिलिकेच्या दर्शनी भागावर आहेत. जेझुइटांचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूंच्या एका संघाचं, ते चिन्ह.

माझा अंदाज, चर्चमधल्या मिस्सेला (प्रार्थनाविधीला) लागणारी ओस्ती, म्हणजे प्रसादाची पातळ चकती, भाजायचा हा साचा असावा: मोठी पाद्रीसाठी, छोट्या लोकांसाठी. कुणी असा साचा वापरात पाहिलाय का? घरातल्या जुन्या माणसांना जरूर विचारा. आणि कोरीव काम न झिजवता गंज कसा काढू? शेजारी चिंच सुचवतायत, मला धीर होत नाही.