मदत हवी आहे: ‘ग्रंथ दत्तक’ योजनेत देखभालीचा पैसा कसा बसवता?

नमस्कार मंडळी. विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या पोथ्या आणि शिळाछाप पुस्तकांसाठी ‘ग्रंथ दत्तक’ योजना (देणगीदार एका ग्रंथाच्या जतनाचा खर्च उचलतो) आखतोय. खर्च ग्रंथागणिक काढलाय: धूळ-कसर काढणं, फाटक्या पानांना गव्हाच्या स्टार्चच्या खळीने जपानी टिश्यू (पातळ, चिवट कागद) चिकटवणं, आम्लमुक्त पेटी, मग स्कॅनिंग. (स्कॅनिंग शेवटीच, ठिसूळ पान आधी उघडलं की घडीवर तुटतं.)

अडचण अशी की देणगीदाराला स्वतःचं नाव लागलेला ग्रंथ हवा असतो. वाळवीप्रतिबंध, आर्द्रता नियंत्रण, वीजबिल यांना कोणी पैसे देत नाही, आणि ग्रंथाच्या नावाने घेतलेली रक्कम तिकडे परस्पर वळवणं बरोबर नाही. प्रत्येक देणगीत देखभालीचा ठरावीक टक्का धरता का? किती? पावतीवर शब्द काय घालता?

दुसरं, परदेशातले माजी विद्यार्थी. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय अंशदान ठरत नाही. नागरिकत्व बदललेल्यांची, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी, ठरते आणि त्याला एफसीआरए (परकीय अंशदान नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. एकाच क्यूआर कोडवर दोन्ही आले की घोळच. पासपोर्टची प्रत पैसे घेण्याआधी मागता का?

२,००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकर सवलत (८०जी) नाही, हे फॉर्मवरच छापतोय. चालू योजनेचा फॉर्म असेल तर नावं-नंबर झाकून इथे पाठवा.