चित्रपट्टीतल्या गे जोडप्याचं मराठी : जोडीदार, पार्टनर की ‘घरचे’?

निळी पेन्सिल
मंडळी, जरा मदत करा. गे आणि लेस्बियन जोडप्यांच्या रोजच्या आयुष्यावरच्या कॉमिक स्ट्रिप्सबद्दल लिहायला घेतलंय, म्हणजे भांडी कोण घासणार, रात्री पांघरूण कोण ओढून घेतं, आईचा फोन आला की कोण दुसऱ्या खोलीत पळतं, असल्या चार चौकटींतल्या गोष्टी. थोडे संवाद मराठीत करून द्यायचेत आणि तिथेच गाडी अडलीये. एकतर स्ट्रिपला काय म्हणू? आणि संवादाच्या फुग्यात पार्टनरसाठी काय लिहू? ‘जोडीदार’ लिहिलं की वधूवर सूचक मंडळाचा फॉर्म वाचल्यासारखं वाटतं.

खोडरबर
व्यंगचित्रमालिका लिहू नका एवढंच सांगतो. त्यातला अर्थ उपरोधाचा आहे हे मान्य, पण आजच्या वाचकाला ‘व्यंग’ म्हटलं की शरीरातला दोष आठवतो, आणि समलिंगी माणसांच्या शेजारी तो शब्द बसवला की नको ते सुचवलं जातं. शिवाय या स्ट्रिप्समध्ये कुणाची टर उडवायची नसते, नुसतं घर चालू असतं. चित्रपट्टी म्हणा.

शाईबुडव्या
चित्रपट्टीला अनुमोदन. चित्रकथा म्हटलं की लोक सुरुवात, मध्य, शेवट असलेली पूर्ण गोष्ट शोधतात आणि इथे तर अॅलिसन बेकडेलची लेस्बियन मैत्रिणींवरची पट्टी १९८३ पासून २००८ पर्यंत चालली, पात्रं म्हातारी व्हायला लागली तरी भाडं, मांजरं आणि ब्रेकअप चालूच. (ती प्रसिद्ध बेकडेल टेस्टही, म्हणजे सिनेमात दोन बायका एकमेकींशी पुरुषाखेरीज कशाबद्दल तरी बोलतात का ही कसोटी, याच पट्टीतून आलीय, १९८५ च्या एका भागात दोघीजणी सिनेमाला जायचं ठरवतायत आणि एक आपली अट सांगते, झालं. लोक तिला सिद्धांत समजतात, मुळात गप्पा आहेत.)

अर्धविराम
‘पार्टनर’चा घोळ वरवरचा आहे हो, खरा घोळ क्रियापदात आहे. इंग्रजीत अशा पट्ट्यांचा एक हमखास विनोद असतो, ऑफिसात कुणीतरी विचारतं सुट्टीत काय केलंस आणि आपला माणूस तीन चौकटी नुसतं ‘पार्टनर, पार्टनर’ करत बाई की पुरुष ते लपवत राहतो. मराठीत पहिल्याच वाक्यात ‘आला होता’ नाहीतर ‘आली होती’ करावंच लागतं, आदरार्थी केलं तरी ‘ते आले’ आणि ‘त्या आल्या’ आहेतच, सुटका नाही. मग विनोद मेला का? अजिबात नाही, कारण आपल्याकडे लपवायची सोय वेगळ्या ठिकाणी आहे. ‘घरी विचारून सांगतो.’ ‘घरचे वाट बघतायत.’ ‘आमच्याकडे लवकर झोपतात.’ यात कोण, किती, बाई की बुवा काही कळत नाही आणि समोरचाही विचारत नाही, लग्न झालेले लोक वर्षानुवर्षं हेच तर बोलतात. म्हणून पहिल्या चौकटीत ‘येतोस का पिक्चरला?’, दुसरीत ‘घरी विचारतो’, तिसरीत दाढीवाला ‘घरी’ सोफ्यावर पाय पसरून बसलाय आणि म्हणतोय, ‘विचार की.’ झाली पट्टी.

निळी पेन्सिल
दाढीवाला ‘घरी’ मी ढापतेय 😄 आणि क्रियापदाचा फायदा पण होतो हे आत्ता लक्षात आलं. बंद दार काढायचं, आतून फुगा ‘आले गं!’, बाहेरून फुगा ‘लवकर कर, मला उशीर होतोय, मी निघाले’. एकही चेहरा न काढता दोघी बायका आहेत हे कळलं, आणि कुणाला काही जाहीर करायला लागलं नाही. मग आता ‘कमिंग आऊट’चं सांगा, म्हणजे आपण गे आहोत हे उघड करण्याचं. इंग्रजीत त्याला ‘कपाटातून बाहेर येणं’ म्हणतात, म्हणून एका जुन्या पट्टीत माणूस खरोखरच्या कपाटातून बाहेर येताना दाखवलाय.

खोडरबर
कपाट काढू नका, मराठी वाचकाला वाटेल हा शर्ट शोधत होता. ‘बाहेर येणं’ पण नको, त्याने वाचक विचारेल कुठून. लोक बोलतात ते ‘घरी सांगितलं’. ‘तुझ्या घरी माहितीये?’ ‘ताईला माहितीये, बाबांना नाही.’ बास. १९९३ मध्ये लिन जॉन्स्टनच्या कौटुंबिक पट्टीत लॉरेन्स हा मुलगा नेमकं हेच करतो, आधी मित्राला सांगतो मग घरी, घरातून हाकललं जातं आणि नंतर परत घेतलं जातं. काही वर्तमानपत्रांनी ते भाग छापलेच नाहीत. ते भाग ‘घरी सांगणं’ या दोन शब्दांत पूर्ण बसतात.

शाईबुडव्या
आणि फुग्यात ‘समलैंगिक’ चुकूनही नको, अर्धा फुगा तोच खातो आणि बोलणारा माणूस एकदम परिपत्रक वाचायला लागतो. लेखात ठीक, तोंडी ‘गे’च. अवांतर, आपल्याकडे बायकांना हाक मारायचा जुना ‘गे’ आहेच, त्यामुळे ‘ऐक गे’ असा फुगा टाकताना आजूबाजूला कोण उभं आहे ते बघा.

अर्धविराम
नात्याच्या शब्दांकडे कुणी वळलंच नाही. गेंगोरोह तागामेची मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, घ्या, २०१४ ते २०१७ मध्ये आलेली. याइचीचा जुळा भाऊ वारलाय आणि त्याचा कॅनेडियन नवरा माइक घरी येऊन थडकतो. जपानी नावाचा शब्दशः अर्थ ‘धाकट्या भावाचा नवरा’. मराठीत याइची त्याला काय म्हणणार? भावाची बायको ती वहिनी, हे पाठ आहे. पण बहिणीचा नवरा भावोजी, नवऱ्याचा भाऊही भावोजी, इतका सैल शब्द असताना भावाचा नवरा त्यात सहज मावतो की. वहिनी करायचा मोह टाळा, तो घाणेरडा विनोद होतो आणि माइक कुणाची बायको नाहीये. याइचीची छोटी मुलगी काना तर सरळ ‘माइककाका’ म्हणेल. काकाची बायको काकू, काकाचा नवरा काका, मुलांना यात काही अवघड नाही, मोठ्यांचंच अडतं.

खोडरबर
भावोजी पटलं. पण याइचीला सुरुवातीला माइक घरात असलेलाच अवघड वाटतो ना, मग तो पहिल्या दिवशी ‘भावोजी’ म्हणणार नाही. आधी ‘मिस्टर फ्लॅनगन’, मग ‘माइक’, मग कधीतरी भावोजी. तो बदल वाचकाला दिसला पाहिजे.

निळी पेन्सिल
हे भारी आहे, मूळ गोष्ट न बदलता मराठीत एक जास्तीची पायरी मिळाली. आणि जोडप्यांनी एकमेकांना?

शाईबुडव्या
दोन पुरुष असतील तर अरेतुरे, प्रश्नच नाही. फक्त भांडण झालं की एकाने ‘अहो’ वर यायचं. ‘अहो साहेब, ओला टॉवेल गादीवर ठेवायचा असतो का?’ वाचकाला लगेच कळतं की आज काही खरं नाही. बायका असतील तर ‘अगं’चं ‘अहो बाई’.

निळी पेन्सिल
शेवटचं. हॉवर्ड क्रूझची ‘वेंडेल’ ही पट्टी, १९८३ पासून अमेरिकेतल्या ‘अॅडव्होकेट’ या गे वाचकांच्या नियतकालिकात यायची. वेंडेलचा पार्टनर जो ऑली आहे त्याला आधीच्या लग्नातला मुलगा आहे, फार्ली. तो वेंडेलला काय म्हणेल? इथेही काकाच?

अर्धविराम
नको, इथे काका म्हटलं की वेंडेल पाहुणा होतो, शेजारच्या माणसालाही पोरं काकाच म्हणतात. माइकला ते चालतं कारण तो खऱ्या काकाचा नवरा आहे. फार्लीला नुसतं ‘वेंडेल’ म्हणू दे आणि अरेतुरे करू दे, ‘वेंडेल, माझा बूट बघितलास का रे?’ बापालाही अरे म्हणणारी मुलं आहेतच. शाळेच्या फॉर्मवरच्या नात्याच्या रकान्यात काय लिहायचं ते मात्र ऑलीला ठरवू दे, त्यावर वेगळी पट्टी होईल.