मॅक्रियम फ्री बंद झालं, आता घरच्या लॅपटॉपची इमेज कशाने घ्यावी?

रानवारा

विंडोज ११ होम, इंटेलचा बाराव्या पिढीचा प्रोसेसर, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी. सी ड्राइव्हवर १४० जीबी भरलंय, उरलेल्या जागेचा डी केलेला आहे. टॅली, डीटीपीचं जुनं मराठी सॉफ्टवेअर आणि त्याचे फाँट, प्रिंटर-स्कॅनरची जुळणी हे सगळं सी वर आहे. एसएसडी गेली तर हे पुन्हा एकेक करून बसवायचं नाही, म्हणून पूर्ण इमेज (विंडोज, प्रोग्रॅम, सेटिंग्जसकट डिस्कची जशीच्या तशी प्रत) घेऊन ठेवायची आहे.

जुन्या चर्चांमध्ये सगळे मॅक्रियम रिफ्लेक्ट फ्री हा इमेज घेणारा मोफत प्रोग्रॅम सुचवतात. त्याच्या जागी आता काय? विंडोजचं सिस्टिम रिस्टोर चालू आहे, ते पुरेल का? आणि इमेज डी वर ठेवली तर चालेल ना? १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्कही आहे, पण तिच्यात घरचे फोटो आहेत.

पाटीपेन्सिल

डी वर अजिबात ठेवू नका. दुकानदार सी आणि डी करून देतात, त्यामुळे दोन डिस्क असल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात एकाच एसएसडीचे ते दोन भाग आहेत. एसएसडी गेली की इमेजही गेली.

सिस्टिम रिस्टोर चालू राहू द्या, पण त्याचं काम वेगळं आहे. ते रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही), ड्रायव्हर आणि सिस्टिमच्या फाइली मागच्या स्थितीला नेतं. अपडेटनंतर प्रिंटर रुसला तर त्याचा उपयोग होतो. तुमच्या कागदपत्रांना ते हात लावत नाही, आणि त्याचे रिस्टोर पॉइंट त्याच डिस्कवर असल्यामुळे डिस्क मेल्यावर काहीच उरत नाही. शिवाय विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीत हे पॉइंट जास्तीत जास्त ६० दिवस राहतात.

बाहेरच्या डिस्कवर फोटो असले तरी इमेज ठेवता येईल. फक्त त्या डिस्कचा फॉरमॅट एनटीएफएस असू द्या. एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. फोटोंची ती एकमेव प्रत असेल तर दुसरी प्रत आधी करा, इमेज नंतर.

कळफलक

सॉफ्टवेअरचं सांगतो.

मॅक्रियम फ्रीच्या सुरक्षा दुरुस्त्या १ जानेवारी २०२४ ला थांबल्या. डाउनलोडच्या भलत्याच साइटवरून जुना इन्स्टॉलर उतरवू नका. अख्ख्या डिस्कचा ताबा ज्याला द्यायचा, तो प्रोग्रॅम कुठून येतोय हे महत्त्वाचं आहे. त्यांची रिफ्लेक्ट एक्स ही नवी आवृत्ती चांगली आहे, पण पैसे द्यावे लागतात.

फुकटात माझी पहिली पसंती वीम एजंट फॉर विंडोजची मोफत आवृत्ती. विंडोज चालू असतानाच इमेज घेते, पुढच्या वेळी फक्त बदललेला भाग साठवते. दुसरी पसंती हॅस्लिओ बॅकअप सूट. त्याचे पडदे घरच्या माणसाला लवकर कळतात.

कंट्रोल पॅनेलमधलं ‘बॅकअप अँड रिस्टोर (विंडोज ७)’ अजून दिसतं, पण मायक्रोसॉफ्टने २०१७ पासूनच त्याचा विकास सोडला आहे. त्याच्यावर विसंबू नका. शिवाय त्याला नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठीच लागते.

इमेज घेताना ‘संपूर्ण कॉम्प्युटर’ किंवा निदान ईएफआय, सी आणि रिकव्हरी हे तिन्ही भाग निवडा. एकट्या सी ची इमेज नव्या एसएसडीवर टाकलीत तर बूटच होणार नाही, कारण बूटच्या फाइली ईएफआयच्या छोट्याशा भागात असतात. डी धरला नाही तर पहिली इमेज ८०-९० जीबीच्या आसपास होईल. यूएसबी ३ च्या पोर्टला अर्ध्या तासाच्या आतबाहेर, यूएसबी २ ला पाऊण-एक तास.

तांब्याची_तार

वरच्या तिन्हींपैकी काहीही घ्या, पण या लॅपटॉपवर खरी अडचण रेस्क्यू पेनड्राइव्हची (विंडोज सुरू होत नसेल तेव्हा ज्यावरून लॅपटॉप चालू करून इमेज परत उतरवायची, त्याची) येणार आहे. त्याच्याकडे आधी बघा.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुष्कळ लॅपटॉपांत एनव्हीएमई डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते. विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर बसलेला असतो, म्हणून काही जाणवत नाही. पेनड्राइव्हवरच्या छोट्या विंडोजमध्ये (विनपीई) तो नसेल, तर रिस्टोरच्या वेळी यादीत फक्त पेनड्राइव्ह आणि बाहेरची डिस्क दिसते, आतली एसएसडी दिसतच नाही. माणसाला वाटतं एसएसडी मेली. ती धडधाकट असते.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘स्टोरेज कंट्रोलर्स’ उघडा. तिथे ‘व्हीएमडी’ हा शब्द दिसला तर हा प्रकार तुमच्याकडे आहे. लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या. नुसती सेटअपची फाइल उपयोगाची नाही, ती उलगडून आतली आयएनएफ फाइल असलेला फोल्डर हवा. वीमच्या रिकव्हरी मीडियात ‘या कॉम्प्युटरचे ड्रायव्हर घ्या’ अशी खूण असते, ती काढू नका. तरी तो उलगडलेला फोल्डर पेनड्राइव्हवर वेगळाही ठेवा.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये) जाऊन व्हीएमडी बंद करायचा सल्ला कुठेतरी वाचाल. तसं सरळ केलंत तर चालू विंडोज निळा पडदा दाखवून थांबेल.

पेनड्राइव्ह बनवताना तो पूर्ण पुसला जातो. त्या वेळी फोटोंची डिस्क काढून ठेवा, यादीत चुकून तीच निवडली जायला नको.

मग तपासणी. पेनड्राइव्हवरून बूट करा (डेल, लेनोव्होला बहुधा एफ१२, एचपीला एफ९), बाहेरची डिस्क लावा, रिस्टोर सुरू करून इमेज निवडा आणि कुठली डिस्क लिहायची हे विचारणाऱ्या पडद्यापर्यंत जा. तिथे ५१२ जीबीची एसएसडी दिसली की ‘कॅन्सल’. एवढं करून बघितलेलं नसेल तर इमेज आहे असं धरून चालू नका.

रानवारा

व्हीएमडी आहे, आत्ताच पाहिलं. ड्रायव्हर उतरवतो. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ही चालू दिसतंय. त्याचा त्रास होईल का?

पाटीपेन्सिल

होऊ शकतो. एन्क्रिप्शन म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद असते, म्हणून आधी ते कुलूप उघडणारी ‘रिकव्हरी की’ काढून घ्या. ती ४८ अंकी असते आणि होम आवृत्तीत तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपवर ठेवलेली की वेळेला हाती लागणार नाही.

चालू विंडोजमधून घेतलेल्या इमेजमध्ये माहिती उघडी असते. म्हणजे ती रिस्टोर केल्यावर सी एन्क्रिप्शनशिवाय येईल, ते पुन्हा चालू करावं लागेल. आणि बाहेरची डिस्क ज्याच्या हाती पडेल त्याला तुमचा टॅलीचा डेटा वाचता येईल. बॅकअपच्या स्टोरेज सेटिंगमध्ये पासवर्ड द्या. तो विसरलात तर मात्र इमेज कुणालाच उघडता येणार नाही, तेव्हा तो कागदावर त्या रिकव्हरी कीच्या शेजारीच लिहून ठेवा.

मोकळीवाट

क्लोनझिलाचं नाव कुणीच घेतलं नाही, म्हणून लिहितो. इमेज घेणारं ते मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे, पेनड्राइव्हवरून चालतं, लॅपटॉपवर काही बसवावं लागत नाही. त्याच्या नुसत्या अक्षरांच्या काळ्या पडद्याची धास्ती वाटत असेल तर रेस्क्यूझिला घ्या, ते माउसने चालतं आणि क्लोनझिलाच्या इमेज वाचतं.

पण तुमच्यासाठी मी ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. एन्क्रिप्शन चालू असलेला सी त्याला वाचता येत नाही, मग ते रिकाम्या जागेसकट प्रत्येक सेक्टर (डिस्कचा छोटा कप्पा) उचलतं आणि इमेज अवाढव्य होते. दुसरं, नवी डिस्क जुन्यापेक्षा जराही लहान चालत नाही. ५१२ ची इमेज दुसऱ्या कंपनीच्या ५०० च्या एसएसडीवर सरळ उतरणार नाही. वापरणारच असाल तर आधी शिफ्ट दाबून ‘शट डाउन’ करा. फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि एनटीएफएस वाचताना चूक येते.

कळफलक

एक राहिलं. एसएसडी ठीक आहे आणि फक्त विंडोज बिघडलंय, अशा वेळी ‘संपूर्ण डिस्क’ रिस्टोर करू नका. डी सुद्धा इमेजच्या दिवसाला मागे जाईल आणि मधल्या फाइली जातील. फक्त सी निवडा. रेस्क्यूमध्ये ड्राइव्हची अक्षरं बदलतात, सी तिथे ई म्हणूनही दिसू शकतो, म्हणून अक्षरावर जाऊ नका, आकार आणि लेबल बघा. आजच सी ला ‘विंडोज’ आणि डी ला ‘डेटा’ असं लेबल देऊन ठेवा.

रिस्टोर चालू असताना चार्जर लावलेला असू द्या. मध्येच बंद पडलं तर एसएसडीवर अर्धवट लिहिलेलं राहील, पण इमेज शाबूत असते. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. आणि काम झालं की बाहेरची डिस्क काढून ठेवा. सतत लावलेली राहिली तर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) इमेजलाही कुलूप लावतं.