शिबं गेली, डाग राहिले: तुमच्या मुलांचे कधी गेले?

मुलगा नऊ वर्षांचा. पावसाळ्यात मानेवर, पाठीवर शिबं (बुरशीमुळे येणारे फिके डाग) आली. किटोकोनाझोलचा बुरशीनाशक शाम्पू डॉक्टरांनी सांगितला तसा लावला, खाज थांबली, पांढुरके डाग मात्र तसेच. सासूबाई रोज त्याचा शर्ट वर करून बघतात, "कोड तर नव्हे ना गं?" ज्यांच्या घरी हे होऊन गेलंय त्यांनी लिहा. औषधं सुचवू नका, काय घडलं ते सांगा.

—

माझ्या लेकीला बाराव्या वर्षी झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी काचपट्टीने डाग हलकेच खरवडला, कोंड्यासारखा भुसा निघाला. महिन्याभराने परत खरवडलं तेव्हा काहीच नाही. म्हणाल्या, "बुरशी मेली. जाता जाता रंग बनवणाऱ्या पेशींना सुस्त करून गेलीय, आता भरेल हळूहळू." औषध ऑगस्टमध्ये संपलं. दिवाळीत उटणं लावताना डाग होतेच. संक्रांतीला मागून मोठ्या गळ्याचा काळा फ्रॉक घातला आणि लक्षात आलं, अरेच्चा, पाठ एकसारखी दिसतेय! मधल्या काळात रोज मोजणं सोडून दिलं होतं, त्याचाही फायदा झाला असावा (माझ्या डोक्याला तरी).

—

मी डागांवर रोज खोबरेल चोळत होते. ही बुरशी तेलावरच पोसते, हे दुसऱ्या पावसाळ्यात शिबं परत आल्यावर कळलं. मुंबईचा घाम होताच मदतीला.

—

आमची चूक जरा मोठी. मुलाच्या मांडीला नायटा होता, दुकानातून विचारून ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज गायब, बंद केली की नायटा दुप्पट. असं तीन महिने. त्यात स्टेरॉइड होतं, ते खाज दाबायचं आणि नायट्याची बुरशी वाढू द्यायचं. नायटा पुढे नीट औषधाने गेला, पण तिथली कातडी पातळ आणि फिकी पडली. वर्ष झालं, अजून पूर्ण भरली नाही.

—

गालावरचे फिके चट्टे असतील तर ती बुरशी नसूही शकते. आमच्याकडे आजीने जंत ठरवले, शेजारणीने कॅल्शियम. निघाली नुसती कोरडी कातडी.

—

घाबरवायचं नाही, पण आमचं कोडच निघालं. दुधासारखं पांढरं, भुसा अजिबात नाही, डॉक्टरांच्या तपासायच्या निळ्या दिव्याखाली लख्ख चमकलं. लवकर दाखवलं म्हणून उपचार लवकर सुरू झाले.

—

सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. शेवटचा अनुभव दोनदा वाचायला लावला. शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय, त्यांनाही यायचंय.