इस्राएलचं लष्कर, बेथलेहेमचे ख्रिस्ती आणि आपली प्रार्थना

नवापूरची लेक

परवापासून आपल्या मंडळ्यांच्या ग्रुपवर एका प्रचारकांची पोस्ट फिरतेय. सार असं की जो ख्रिस्ती इस्राएलच्या लष्कराला नावं ठेवतो तो देवाने अब्राहामाला दिलेल्या वचनाविरुद्ध उभा राहतो, उत्पत्ती १२:३ वाचा: तुला आशीर्वाद देतील त्यांना मी आशीर्वाद देईन, शाप देतील त्यांना शाप. खाली दीडशे आमेन. मला गप्प बसवत नाही.

ते वचन पूर्ण वाचा ना. त्याच ओळीत पुढे पृथ्वीवरल्या सगळ्या कुळांना आशीर्वाद आहे. सगळ्या कुळांत पॅलेस्टाइनमधल्या बेथलेहेमचं कूळ येत नाही का? तिथल्या ख्रिस्ती घरांतली माणसं १९६७ पासून लष्करी अमलाखाली जगताहेत. यरुशलेम त्यांच्यापासून दहा किलोमीटरही नसेल, आणि पुनरुत्थानाच्या सणाला ख्रिस्ताच्या कबरेच्या चर्चमध्ये जायचं तर लष्कराचा परवाना लागतो. घरातल्या आईला मिळतो, तरुण मुलाला नाकारतात. २००९ साली तिथल्याच ख्रिस्ती पुढाऱ्यांनी 'कैरोस पॅलेस्टाइन' हे निवेदन काढलं आणि या लष्करी ताब्याला देवाविरुद्ध आणि माणसाविरुद्ध पाप म्हटलं. आपले भाऊ रडून सांगताहेत, आणि आपण इथे नंदुरबारात बसून त्यांना वचन शिकवणार?

बायबलमधल्या नाबोथाचा मळा अहाब राजाला हवा होता म्हणून नाबोथाला खोट्या साक्षीवर दगडमार झाली. देवाने एलीया संदेष्ट्याला कोणाच्या बाजूने पाठवलं ते संडे स्कूलच्या पोरांनाही ठाऊक आहे. अहाब इस्राएलचाच राजा होता.

भुसावळचा दादा

ताई, ७ ऑक्टोबर २०२३ कुठे गेला तुमच्या लिहिण्यात? बाराशेच्या आसपास माणसं एका दिवसात मारली, अडीचशे ओलीस नेली, त्यात म्हातारी होती, तान्ही होती. २००५ मध्ये इस्राएलने गाझातून फौज काढली, वसाहती उठवल्या. दोन वर्षांत तिथे हमास बसलं. ताबा सोडल्यावर काय मिळालं, सांगा.

रोमकरांस १३ मध्ये अधिकारी उगाच तलवार धरत नाही असं पौल म्हणतो. माझा सख्खा भाऊ फौजेत आहे. रात्री नाक्यावर उभा राहतो, येणारी प्रत्येक गाडी थांबवतो, आणि आमची आई तिकडे झोपत नाही. नाक्यावरचा जवान म्हणजे पापी असं तुम्ही लिहिलंत तर ते मला लागतं.

नवापूरची लेक

दादा, ७ ऑक्टोबरला जे झालं ते पाप. त्याला 'पण' जोडत नाही. तुमच्या भावाबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. पण गाझातून फौज निघाली तरी आकाश, समुद्र आणि बहुतेक वेशी कोणाच्या हातात राहिल्या? आणि वेस्ट बँकमधून तर फौज निघालीच नाही, तिथे वसाहती वाढतच गेल्या. बेथलेहेम गाझात नाही, वेस्ट बँकमध्ये आहे.

तापीकाठ

मी ख्रिस्ती नाही, शिरपूरकडचा आहे, पण राहवत नाही. परक्या फौजेच्या ताब्यावर तुम्ही लोक बोलणार? थाळनेर आठवा. फेब्रुवारी १८१८. इंग्रज सेनापती हिस्लॉपची फौज आली, किल्ला घेतला, आतली शिबंदी कापून काढली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिलं. लंडनच्या पार्लमेंटनेसुद्धा हिस्लॉपचे आभार मानताना तेवढं प्रकरण बाजूला ठेवलं. आमच्या गावात म्हातारी माणसं अजून ती जागा दाखवतात. त्याच राज्याच्या सावलीत तुमच्या मिशनऱ्यांनी बंगले बांधले. आधी त्याचा हिशेब द्या.

धडगावचा मास्तर

तापीकाठ भाऊ, कसाले तापस? थाळनेरचं रक्त आम्हीही विसरलो नाही. पण मग सातपुड्याचंही काढा. धरणगावला औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभी केली, भिल्लालाच भिल्लावर घातलं. १८५८ ला अंबापाणीत इंग्रजांविरुद्ध उठलेल्या खाज्या नाईकाच्या माणसांना पकडून गोळ्या घातल्या. ते आमचे पूर्वज होते. तेव्हा आम्ही ख्रिस्तीही नव्हतो आणि तुमच्या मोजणीत माणसंही नव्हतो.

मिशनरी इंग्रज राज्यात आले, हे खरं. त्या राज्याने त्यांना वाट दिली, हेही खरं. पण आमच्याकडे आले ते बहुतेक स्कँडिनेव्हियन मिशनचे, सरकारचे नोकर नव्हते.

आणि ताबा म्हणजे काय ते मला पार्लमेंटने शिकवायला नको. आमच्या आजोबांनी ज्वारीच्या पोत्यासाठी अंगठा दिला आणि पाच एकर काळी जमीन गेली. गोरा शिपाई नव्हता तिथे. खालच्या गावातलाच सावकार होता, रोज राम राम करणारा. १९७४ च्या कायद्याने आदिवासींच्या जमिनी परत द्यायच्या ठरल्या, तरी आमचं प्रकरण तहसीलच्या दप्तरात वडिलांच्या हयातीत मिटलं नाही. बांधावर उभं राहून दुसऱ्याचा कापूस वेचताना पाहायचा. वडील आम्हाला त्या बाजूने जाऊ देत नसत.

तापीकाठ

म्हणजे शेवटी आम्हीच चोर. मास्तर, धर्म बदलला, चर्चला जाता, आणि सवलती मात्र आदिवासी म्हणून पाहिजेत. डीलिस्टिंगची, म्हणजे धर्म बदललेल्यांना अनुसूचित जमातीच्या यादीतून काढायची मागणी उगाच होत नाही.

धडगावचा मास्तर

आलात ना मूळ गोष्टीवर. मी पावरा जन्मलो, पावरा मरेन. डोंगरावरचं राहणं, बोली, होळी, कुळ, हे येशूने माझ्याकडून मागून घेतलेलं नाही. अनुसूचित जमातीला घटनेने धर्माची अट घातलेली नाही. जमीन गेली तेव्हा आमचा देव कुठला ते कोणी विचारलं नाही, परत मागायला गेलो की विचारतात.

भुसावळचा दादा

तापीकाठ, यात मी मास्तरांच्या बाजूने आहे. त्यांच्या जमिनीचा आणि जातीच्या दाखल्याचा इथे काही संबंध नव्हता, तुम्ही ओढून आणलात. थाळनेरचं बोललात ते ऐकून घेतलं, हे ऐकून घेणार नाही.

तापीकाठ

ठीक. डीलिस्टिंगचं इथे काढायला नको होतं, जागा ती नव्हती. मत माझं तेच आहे. मास्तरांच्या आजोबांच्या जमिनीचं मात्र वाईट वाटलं, आमच्याकडे अशी घरं मलाही माहीत आहेत.

नवापूरची लेक

दादा, तुमच्या भावावर परत येते, कारण तो प्रश्न खरा आहे. लूक ३ मध्ये शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? योहान त्यांना नोकरी सोडा म्हणत नाही. कोणाला लुबाडू नका, खोटा आळ घेऊ नका, पगारावर समाधानी राहा, असं सांगतो. म्हणजे जवान पापी नाही. पण ज्या हुकमाने एकाचं जैतुनाचं शेत काढून दुसऱ्याची वसाहत बसते, तो हुकूम योहानाच्या शब्दांखाली तपासावाच लागेल. १९४९ च्या जिनिव्हा करारातही ताबा घेणाऱ्याने आपली वस्ती तिथे हलवू नये असं कलम आहे. जुलै २०२४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा ताबा बेकायदा ठरवला, आणि तो सल्लागारी निकाल आहे हे मला माहीत आहे. मास्तरांनी बांधावरचं सांगितलं ते वाचून तुम्हाला वाईट वाटलं ना? बेथलेहेमच्या शेतकऱ्याचं वेगळं काय आहे?

भुसावळचा दादा

वसाहतींचं समर्थन मी केलं नव्हतं. ते चूक आहे, लिहून घ्या. नाबोथाचं उत्तरही माझ्याकडे नाही. पण फौज उद्या सकाळी उठली तर तेल अवीवच्या पोरांना कोण राखणार, याचं उत्तर तुमच्याकडे नाही. ते मिळेपर्यंत मी 'ताबा' आणि 'पाप' एका वाक्यात म्हणणार नाही. आपल्या मंडळ्यांच्या नंदुरबारच्या अधिवेशनात गाझासाठी प्रार्थना घ्या, मी आमेन म्हणेन. ताब्याला पाप म्हणालात तर उठून बाहेर जाईन.

नवापूरची लेक

मग बाहेर जा, दादा. मी म्हणणार आहे. मारल्या गेलेल्या आणि ओलीस नेलेल्या इस्राएली माणसांसाठी पहिली प्रार्थना तुम्ही करा, ती मी उभी राहून ऐकेन. दुसरी बेथलेहेमसाठी, ती मी करणार.