रात्रीच्या एका तासासाठी नवे पाश्चात्त्य अल्बम सुचवाल का?

नदीकाठ (सांगली):
नमस्कार. कॉलेजच्या दिवसांत माझ्याकडे जेमतेम पंधरा-वीस इंग्रजी कॅसेटी होत्या. हवे ते गाणे शोधण्यासाठी टेप पुढेमागे पळवण्याचा कंटाळा येई, त्यामुळे ‘ए’ बाजू संपली की ‘बी’ बाजू लावून अख्खी कॅसेट ऐकण्याची सवयच लागली होती. आता ॲपवर गाण्यांना तोटा नाही. तरीही गेल्या वर्षभरात माझ्या प्लेलिस्टमध्ये जमा झालेल्या शंभरेक गाण्यांपैकी पाचसुद्धा मला गुणगुणता येणार नाहीत, आणि ही गोष्ट मला मनापासून खटकते. जानेवारी २०२५ मध्ये भाच्याबरोबर नवी मुंबईत कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या कार्यक्रमाला जायचे होते, म्हणून त्यांचा ‘मून म्युझिक’ हा अल्बम आधी आठवडाभर रोज सलग ऐकला. दहाच गाणी आहेत, पण ती क्रमासकट अजून लक्षात आहेत. जेवणानंतरचा एक तास मी आता यासाठीच राखून ठेवला आहे. २०२४ पासून पुढे आलेले आणि सलग ऐकण्यासारखे अल्बम कृपया सुचवावेत. इंग्रजी शब्द पहिल्या ऐकण्यात नीट कळत नाहीत, त्यामुळे सुरावट आणि वाद्ये यांबद्दल कोणी विस्ताराने लिहिले तर अधिक उपयोग होईल.

मंद्रसप्तक:
आपल्या तासात नेमका बसणारा अल्बम म्हणजे द क्युअर या इंग्लिश बँडचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’. तो १ नोव्हेंबर २०२४ रोजी आला. त्याआधीचा त्यांचा अल्बम २००८ चा, म्हणजे मधे सोळा वर्षे गेली. गाणी आठच आहेत आणि एकूण वेळ पन्नास मिनिटांच्या आत आहे.

पहिले गाणे ‘अलोन’ सुरू झाल्यावर तीन मिनिटांहून अधिक काळ कोणी गातच नाही. ड्रम संथ पडत राहतात, त्यांवर कीबोर्डचे रुंद सूर पसरतात आणि गिटार मधूनच डोकावून जाते. बंदिशीची वाट पाहत आलाप ऐकण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना या तीन मिनिटांचे काहीच वाटणार नाही. उलट बँडचा गायक रॉबर्ट स्मिथ याचा आवाज उमटतो तेव्हा त्याच्यासाठी जागा आधीच तयार झालेली असते. हेच गाणे मिश्र प्लेलिस्टमध्ये मधेच लागले, तर आपण तीस सेकंदांत ते पुढे ढकलू, अशी माझी खात्री आहे, कारण मी स्वतः तसे केले होते. स्मिथने हा अल्बम आणला तेव्हा तो पासष्ट वर्षांचा होता. ‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’ हे गाणे त्याने थोरल्या भावाच्या मृत्यूवर लिहिले आहे आणि त्यातली पियानोची छोटीशी, पुन्हापुन्हा परत येणारी सुरावट शब्द न कळताही सारे सांगून जाते. शेवटचे ‘एंडसाँग’ दहा मिनिटांपेक्षा मोठे आहे. ते संपेपर्यंत दिवा लावू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

तिसरी_घंटा (पुणे):
वरील सूचनेशी पूर्ण सहमत आहे. माझ्याकडून अमेरिकन गायिका बिली आयलिशच्या ‘हिट मी हार्ड अँड सॉफ्ट’ची भर घालते. हा अल्बम १७ मे २०२४ रोजी आला, तेव्हा ती बावीस वर्षांची होती. अल्बमपूर्वी एकही सुटे गाणे प्रसिद्ध करायचे नाही, असे तिने ठरवले होते आणि त्याचा हेतू लोकांनी दहाही गाणी एकत्र ऐकावीत हाच होता. ‘बर्ड्स ऑफ अ फेदर’ आपण कुठेतरी नक्की ऐकले असेल. ते गोड आहे, परंतु माझ्या मते अल्बमचे खरे बळ दुसरीकडे आहे. ‘लामूर द मा वी’ हे गाणे एखाद्या छोट्या हॉटेलातल्या जुन्या जॅझसारखे निवांत सुरू होते आणि अर्ध्यावर अचानक धावत्या सिंथेसायझरच्या नृत्यसंगीतात शिरते. आवाजही त्याबरोबर यंत्रातून आल्यासारखा होतो. मनात दाबलेला राग बाहेर पडण्याचा तो क्षण तिने आणि तिचा निर्माता भाऊ फिनीअस याने लयीतून दाखवला आहे. शेवटच्या ‘ब्लू’मध्ये आधीच्या गाण्यांचे धागे परत येतात. अर्थात, आधीची गाणी ऐकली नसतील तर ते धागे सापडणार कसे?

कृष्णवर्णीय अमेरिकन गायिका बियॉन्सेचा ‘काउबॉय कार्टर’ही जरूर ऐकावा, मात्र त्यात सत्तावीस ट्रॅक आहेत आणि तो एका तासात संपत नाही, म्हणून दोन रात्री कराव्यात. कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागात रुजलेले संगीत, हे गोऱ्या अमेरिकेचेच, हा समज तो खोडून काढतो. ‘टेक्सस होल्ड एम’च्या सुरुवातीला रियानन गिडन्स हिने बँजो वाजवला आहे आणि बँजो हे वाद्य मुळात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर अमेरिका खंडात पोहोचले. १९६९ मध्ये ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या प्रसिद्ध कार्यक्रमाच्या मंचावर गायलेल्या कृष्णवर्णीय गायिका लिंडा मार्टेल यांचा आवाजही या अल्बममध्ये ऐकू येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले. काही ट्रॅक मला भरतीचे वाटले, हेही सांगायला हवे.

पांढरी_काळी (मुंबई):
पाश्चात्त्य संगीत म्हटल्यावर चर्चा पॉप आणि रॉकपाशीच का थांबावी? युनचान लिम या कोरियन पियानोवादकाने शोपँ या संगीतकाराच्या ओपस १० आणि ओपस २५ (ओपस म्हणजे रचनासंग्रहाचा क्रमांक) मधील सर्व चोवीस एत्यूदांचे ध्वनिमुद्रण एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. २०२२ मध्ये अठराव्या वर्षी व्हॅन क्लायबर्न ही पियानोवादनाची स्पर्धा जिंकणारा हाच तो मुलगा. एत्यूद म्हणजे सरावाचा पाठ. एकेका पाठात हाताची एकेक अडचण धरलेली असते. ओपस १० मधील दुसऱ्या पाठात उजव्या हाताच्या दुबळ्या बोटांना भरभर चढउतार करावी लागते, तर ओपस २५ मधील सातव्यात मुख्य सुरावट डाव्या हाताकडे असते आणि ती चेलोसारखी गाते. पलट्यांतूनच संगीत कसे उभे राहते, हे गाणे शिकलेल्या आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. हे सारे सुमारे तासाभरात ऐकून होते आणि यात शब्द समजण्याची अडचणही नाही.

नदीकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. काल ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ ऐकला. चौथ्या-पाचव्या गाण्याच्या सुमारास ड्रमचा संथपणा जड वाटू लागला होता. मात्र भावावरचे गाणे आल्यावर तो जडपणा कशासाठी होता ते उमगले. आज पुन्हा ऐकणार आहे. आपल्याकडच्या कानाला जवळचे असे काही या काळात आले आहे का?

अबोली_रात्र:
आहे. गायिका अरूज आफ्ताब हिचा ‘नाइट रेन’ (Night Reign), मे २०२४. ती लाहोरमध्ये वाढली, बोस्टनच्या बर्कली महाविद्यालयात शिकली आणि न्यू यॉर्कमध्ये काम करते. शब्द बहुतेक उर्दू, पण साथीला हार्प, डबल बेस आणि जॅझ पियानो. याला पाश्चात्त्य म्हणावे की नाही, यावर वाद होऊ शकतो. तिने जॅझमधले प्रसिद्ध ‘ऑटम लीव्ह्ज’ही याच अल्बममध्ये गायले आहे, तेव्हा मी तरी म्हणेन. ‘ना गुल’ आणि ‘साक़ी’ या दोन गाण्यांचे शब्द हैदराबादच्या दरबारातील कवयित्री माह लका बाई चंदा यांचे आहेत आणि त्यांचा जन्म १७६८ साली औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. आपल्या मातीतल्या स्त्रीचे शब्द अडीचशे वर्षांनी न्यू यॉर्कच्या गायिकेकडून ऐकताना मला भरून आले.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेला स्पॅनिश गायिका रोसालियाचा ‘लक्स’ही यादीत ठेवावा. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या साथीने ती तेरा भाषांत गायली आहे, त्यामुळे तिथे शब्द न कळण्याच्या बाबतीत आपण सगळे एकाच बाकावर आहोत.

मंद्रसप्तक:
एक व्यवहाराची गोष्ट राहिली. अल्बम लावताना शफल, म्हणजे गाणी मिश्र क्रमाने वाजवण्याची सोय, बंद आहे ना, हे पाहावे. गायिका ॲडेलच्या आग्रहावरून स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपने नोव्हेंबर २०२१ मध्ये अल्बमच्या पानावर क्रमाने वाजवण्याचे बटण पुढे आणले, पण मिश्र क्रमाचे बटण एकदा चुकून दाबले गेले की तसेच राहते. सेटिंगमधील क्रॉसफेडही शून्यावर ठेवावे, नाहीतर एका गाण्याचे शेपूट दुसऱ्याच्या तोंडावर चढते आणि आयलिशच्या अल्बममध्ये जिथे गाणी मुद्दाम एकमेकांत मिसळली आहेत, तिथला जोडच बिघडतो.