नवी टर्बो क्रॉसओव्हर, ४,८०० किमी: सिग्नलवर एसी बसतो, नागपुरात बर्डीच्या गर्दीत गिअर धक्के देतो. काय तपासू?

काटोलरोड_३१

गाडी १.५ लिटर टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन, ७ गिअरचा ड्राय क्लच डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). टायर २१५/६० आर१७, वर पॅनोरॅमिक सनरूफ. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा ब्रँडच्या भांडणात जाईल.

आधी जमेची बाजू. सीटची उंची घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी अगदी बरोबर: सेडानसारखं खाली बसावं लागत नाही आणि मोठ्या एसयूव्हीसारखं चढावंही लागत नाही. मागे दोघे ऐसपैस. तिसऱ्याच्या पाठीला मधला आर्मरेस्ट टोचतो, म्हणजे रामटेकपर्यंत ठीक, पचमढीपर्यंत नाही. बूटमध्ये एक मोठी आणि दोन मधल्या बॅगा आडव्या बसतात. लहान खड्डे ४० च्या वेगात कळत नाहीत, पण सिमेंट रोडचे सांधे ८० च्या पुढे टक-टक ऐकू येतात.

मायलेज, टाकी ते टाकी मोजून: शहरात एसीसह लिटरला १०.८ किमी, हायवेला ९०-१०० च्या वेगाने १६.५, समृद्धीवर सरळ १२० ठेवले तर १३.२. डिस्प्ले प्रत्येक वेळी पाऊण-एक किमी जास्तच दाखवतो.

आता तक्रारी.

१) चालत्या गाडीत मधल्या व्हेंटला ९-१० अंश मिळतात. सिग्नलवर दोन मिनिटं उभी राहिली की १९-२०. बाहेर ४३.

२) व्हरायटी चौक ते झाशी राणी चौक या रांगेत पहिला-दुसरा गिअर सतत वर-खाली, धक्के. एकदा ट्रान्समिशन गरम झाल्याची सूचना आली.

३) समोरचं रडार (पुढच्या गाडीचं अंतर मोजणारं) अडल्याचा संदेश दोनदा आला. पुसलं, तरी परत आला.

४) टायरमध्ये पंपावर दुपारी ३० पीएसआय हवा भरतो. दाराच्या स्टिकरवर ३३ आहे, पण उन्हात हवा फुगते म्हणून तीन कमी. बरोबर ना?

५) ओळखीचे सांगून राहिले की नागपूरच्या गर्मीत २०डब्ल्यू-५० हे जाड इंजिन ऑइल टाक आणि काचांना फिल्म लाव.

नवतपा (मे अखेरचे सर्वात तापलेले नऊ दिवस) तोंडावर आहे. बाहेरच्या ॲक्सेसरीज म्हणाल तर मॅट, सीट कव्हर आणि ग्रिलच्या आतून किडे-कचरा अडवायची बारीक जाळी, एवढंच लावलं आहे.

---

गारवा_धरमपेठ

भाऊ, तुमचे आकडेच अर्धं निदान करून राहिले. गॅस बराच कमी असता तर चालत्या गाडीतही १४-१५ च्या खाली उतरला नसता. फक्त उभ्या गाडीत बसतो, याचा अर्थ बहुतेक कंडेन्सरवरून (ग्रिलमागचा, एसीची उष्णता बाहेर टाकणारा भाग) हवा जात नाही. चालत्या गाडीत वारा आपसूक मिळतो, उभी राहिली की सगळा भार पंख्यावर.

तीन गोष्टी तपासा, याच क्रमाने.

पहिली: इंजिन चालू, एसी सर्वात थंडवर, बॉनेट उघडं. पंखा फिरायला हवा आणि तीन-चार मिनिटांत आवाज वाढून वरच्या वेगावर जायला हवा. वर्तमानपत्राचं एक पान ग्रिलसमोर धरा. पंखा नीट ओढत असेल तर ते चिकटून राहतं. गळून पडलं तर एक तर पंखा ढिला, नाहीतर वाट अडलेली.

दुसरी: स्वयंपाकात वापरतात तो डिजिटल थर्मामीटर मधल्या व्हेंटमध्ये खोचा. गाडी उभी, १९ अंश दिसून राहिले असताना लिटरभर साधं पाणी स्प्रे बाटलीने कंडेन्सरवर मारा. दोन मिनिटांत ४-५ अंश उतरले तर दोष उष्णता बाहेर टाकण्यात आहे, गॅसमध्ये नाही. काहीच फरक पडला नाही तरच गॅसचं प्रेशर मोजायचा गेज लावायला घेऊन जा. प्रेशर वॉशरने मात्र मारू नका, पातळ पत्र्या वाकतात आणि मग कायमची वाट बंद.

तिसरी, आणि माझा संशय इथेच आहे: ती जाळी. बारीक जाळीत तारेनेच बरीच जागा खाल्लेली असते. त्यावर धूळ आणि या दिवसांत उडणारा सावरीचा कापूस बसला की उरलेली छिद्रं बुजतात. ती काढा, मग बाकीचं बोला.

गॅसवाल्याकडे गेलातच तर एक लक्षात ठेवा. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे. बॉनेटखालच्या पट्टीवर किती ग्रॅम ते छापलेलं असतं. जुना पूर्ण काढून, किमान २०-३० मिनिटं व्हॅक्यूम धरून, वजनावर भरणारं मशीन असेल तिथेच भरा. ‘थोडा टॉप-अप मारतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा: जास्त गॅसने वरचं प्रेशर चढतं आणि सिग्नलवरचा गारवा आणखी बसतो. गॅस आर१३४ए प्रकारचा असेल तर ४५ अंशांत वरचं प्रेशर २५०-२८० पीएसआयच्या आसपास दिसणं नैसर्गिक आहे, ते बघून घाबरू नका.

केबिन फिल्टर ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो. दोन्ही बाजूंचे स्टॉपर दाबून डबा खाली सोडायचा, फिल्टरवरचा बाण बघून ठेवायचा आणि तसाच परत बसवायचा. पुस्तक काहीही म्हणो, आपल्याकडची सिमेंटची धूळ बघता दर ५,००० ला झटका, १०,००० ला बदला.

उन्हात तापलेल्या गाडीत बसताना: चारही काचा खाली, ब्लोअर फुल, बाहेरची हवा, पहिला अर्धा-एक किमी. आत ६० अंशांची हवा असताना बाहेरची ४३ ची थंडच म्हणायची. मग काचा बंद आणि रीसर्क्युलेशन. सनरूफचा पडदा मे महिन्यात उघडायचाच नाही.

---

स्पॅनर_हिंगणा

डीसीटीचं मी घेतो.

ड्राय क्लच म्हणजे तुमच्या मॅन्युअल गाडीसारखीच प्लेट, ऑइलमध्ये बुडालेली नाही. फक्त पाय तुमच्याऐवजी कॉम्प्युटरचा. गाडी ५ च्या वेगाने रांगते तेव्हा तो अर्धा क्लच धरून असतो आणि घर्षणाची उष्णता प्लेटमध्ये साठते. बाहेर ४३ असताना ती निघायला वेळ लागतो. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (क्लचऐवजी ऑइलमधून जोर पोचवणाऱ्या ऑटोमॅटिक) गाडीची सवय असलेले इथेच फसतात, त्यांना रांगणं फुकट वाटते.

म्हणून रांगू नका. पुढच्या गाडीला सात-आठ फूट जाऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून एकदाच पुढे घ्या, परत पूर्ण थांबा. ब्रेक नीट दाबलेला असला की क्लच सुटतो. अर्धवट ब्रेकवर गाडी सरकवणं सर्वात वाईट. ऑटो होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) असेल तर शहरात चालूच ठेवा. चढावर, म्हणजे वर्धा रोडच्या डबलडेकर पुलाच्या रॅम्पवर रांग लागली तर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरायची नाही, ब्रेकने धरायची. बेसमेंट पार्किंगच्या चढावर रिव्हर्स घेणं हे याहून जास्त तापवते. एका दमात घ्या.

एक-दोनचा खेळ ८ ते १५ किमीच्या वेगात होतो, कारण तीच त्याची बदलायची सीमा. रांग लांब असेल तर मॅन्युअल मोडमध्ये पहिल्यावर ठेवा. आवाज थोडा वाढेल, धक्के थांबतील.

सूचना परत आली तर बाजूला घ्या, ‘पी’ मध्ये टाका, इंजिन चालू ठेवा, काही मिनिटं थांबा. बंद केलं की सगळे पंखे थांबतात आणि उष्णता आतच कोंडते. पुढचे पाच-सहा किमी मोकळा रस्ता निवडा.

हे सगळं पाळूनही थंड गाडीत सकाळी सकाळी धक्का येत असेल तर सर्व्हिसला दोनच गोष्टी मागा: गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर ताजं आहे का, आणि स्कॅनर लावून क्लचचं लर्निंग नव्याने (क्लच कुठे पकडतो ते कॉम्प्युटरला परत शिकवणं). जॉबकार्डवर वाक्य असं लिहून घ्या: ‘थंड इंजिन, एक-दोन बदलताना, अमुक वेगाला धक्का.’ नुसतं ‘जर्क’ लिहिलं की ‘गाडी ओके’ लिहून परत येते.

ऑइलबद्दल: २०डब्ल्यू-५० अजिबात नको. बाहेर ४३ असो की २३, आत थर्मोस्टॅट पाणी साधारण ९० च्या आसपासच ठेवतो, आणि ऑइलचा दुसरा आकडा १०० अंशांवरच्या जाडीचा असतो. म्हणजे उन्हाचा हिशेब त्यात आधीच आहे. नव्या इंजिनच्या फटी आणि टर्बोच्या नळ्या पातळ ऑइलसाठी कोरलेल्या. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० जे असेल तेच. जाड टाकलं तर सकाळी टर्बोच्या बेअरिंगला ऑइल उशिरा पोचते, वर वॉरंटीचा प्रश्न. समृद्धीवरून उतरून टोलला किंवा ढाब्यावर थांबलात तर बंद करण्याआधी मिनिटभर आयडल द्या (गाडी उभी, इंजिन चालू), ते जास्त कामाचं आहे. कूलंट कमी दिसलं तर बोअरचं पाणी टाकू नका, आपल्याकडचं जड पाणी रेडिएटरमध्ये क्षार धरते. थंड इंजिनवरच झाकण उघडा, तोच कूलंट किंवा डिस्टिल्ड पाणी.

मायलेजमध्ये काही दोष नाही. १०० वरून १२० ला वेग २० टक्के वाढतो, पण वाऱ्याचा विरोध वर्गाने, म्हणजे ४४ टक्के. त्यात ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल): शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे ऊर्जा साधारण ७ टक्के कमी.

---

टायर_नंबर_१

चार नंबर वाचून राहवलं नाही. काटोलरोड भाऊ, हे तुमच्या यादीतलं सर्वात धोक्याचं आहे आणि तुम्ही ते चौथ्या नंबरवर टाकलं.

३३ हा आकडा थंड टायरचा. थंड म्हणजे गाडी तीन तास उभी, किंवा फार तर दोन किमी चाललेली. तापमान ५-६ अंश वाढलं की साधारण एक पीएसआय चढतो. दुपारी सहा किमी चालवून पंपावर ३० भरलं तर तीच हवा पहाटे २६ भरते. टायर जास्त हवेने नाही, कमी हवेने फुटतो: बाजूची भिंत प्रत्येक फेरीला दुमडते, आतून तापते आणि १२० च्या वेगाने तासभर सलग चालली की रबर आणि कॉर्ड वेगळे होतात. समृद्धीवर सिग्नल नाही, ब्रेक नाही, टायरला थंड व्हायला उसंत नाही.

हजार-पंधराशेचं डिजिटल गेज आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप घ्या. पहाटे सहाला घरी ३३ भरा. पाच जण आणि सामान असेल तर त्याच स्टिकरवर भरल्या गाडीचा वेगळा आकडा असतो, तो भरा. पुढे टीपीएमएसवर (टायरची हवा दाखवणारा डॅशबोर्डवरचा आकडा) ३८-३९ दिसले तरी गरम टायरमधून हवा सोडायची नाही, तो हिशेब टायर बनवणाऱ्याने धरलेला आहे. एकाच टायरचा आकडा बाकी तिघांपेक्षा वेगळा वागत असेल तर थांबा.

टायरवर ९६एच लिहिलं असेल तर ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो, एच म्हणजे २१० चा वेग. तुमच्या वापराला भरपूर. चार आकडी तारीख बघा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. स्पेअर बारीक असेल तर त्यावर ८० च्या वर नाही, आणि त्याची हवा मुख्य टायरपेक्षा बरीच जास्त लागते, स्टिकर बघा. नायट्रोजनचं विचाराल तर साध्या हवेतच ७८ टक्के तो आहे. फुकट मिळाला तर घ्या.

---

एमएच४९_पारडी

फिल्मचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचांवरच्या काळ्या फिल्मला मनाई केली, तेव्हापासून चौकात दंड ठरलेला. नियमात काचेतून प्रकाश आरपार जायचं किमान प्रमाण पुढे-मागे ७० टक्के, बाजूला ५०. त्यापेक्षा मागच्या दारांना चुंबकाचे पडदे आणि उभ्या गाडीला पुढच्या काचेला चकाकीचा पडदा. डॅशबोर्डवर पॉवर बँक, डिओ, परफ्यूमची बाटली ठेवू नका. डॅशकॅम घेणार असाल तर आत लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला, नाहीतर पहिल्याच मेमध्ये फुगते.

सीट कव्हरचं बोललात म्हणून: सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर कव्हरला त्या जागी कमकुवत शिवण किंवा मोकळी जागा हवी. आज संध्याकाळीच बघा.

---

काटोलरोड_३१

जाळी काढली. पान आधी गळून पडत होतं, आता चिकटते. त्याच जागी, दुपारी, बाहेर ४३ असताना उभ्या गाडीत १९.५ चे १३.८ झाले. पंखा दोन्ही वेगांवर फिरतो. जाळीच्या मागच्या बाजूला सावरीचा कापूस आणि किड्यांचा अक्षरशः नमदा बसला होता.

हवा पहाटे मोजली: २६, २७, २६, २६. चारही ३३ केले. स्पेअर १८ निघाला.

रडारचं अजून कळलं नाही.

---

गारवा_धरमपेठ

कळलं की. ती जाळी धातूची होती ना? आणि खालच्या ग्रिलपर्यंत आलेली? बऱ्याच गाड्यांत रडार तिथेच, प्लॅस्टिकच्या सपाट झाकणामागे बसवलेलं असतं. धातूच्या जाळीतून लहरी जात नाहीत, परत फिरतात. दोन-तीन दिवस चालवून संदेश येतो का बघा. नाही आला तर सर्व्हिसला जायचं कारण नाही. याच कारणाने पुढे बुल गार्डही लावू नका, तो कायद्यात बसत नाहीच, शिवाय रडार आणि एअरबॅग दोघांच्या आड येतो.

आता कंडेन्सर साध्या पाइपने, वरून खाली, हलक्या धारेने धुऊन घ्या. शक्य असेल तर इंजिनच्या बाजूने बाहेर. मग परत एकदा थर्मामीटर लावा, १३ च्या खाली यायला पाहिजे.

---

स्पॅनर_हिंगणा

आणि पावसाळ्याआधी सनरूफच्या चारही कोपऱ्यांतल्या नळ्या बघा. कडेच्या खाचेत अर्धा कप पाणी हळू ओता, चाकाजवळ खाली थेंब पडायला हवेत. नाही पडले तर ट्रिमरची नायलॉन दोरी सावकाश सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारली तर नळी आतून निखळते आणि पहिल्याच जोराच्या पावसात पुढच्या खांबातून पाणी मॅटवर. कडुलिंबाखाली गाडी लावत असाल तर हे दर महिन्याला.